पिस्टनची साक्ष : एका जुन्या जावाच्या पोटातला इतिहास

[ध्वनी : किकवर पाय ठेवल्याचा, मग चप्पल घसरल्याचा आवाज. किक खाली जात नाही.]

आत्ता ऐकलंत तो आवाज आमच्या गावच्या घराच्या पडवीतला आहे. १९६७ सालची जावा २५०. तिच्यावर पोती ठेवली गेली, कांदे वाळले, मांजरीनं दोनदा पिल्लं घातली. किक मात्र मे १९८७ पासून हललेली नाही. इंजिन जाम.

आजचा भाग त्या इंजिनाबद्दल आहे. गेल्या वर्षी मी ते उघडलं, इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही, आणि पुन्हा बांधलं. म्हणजे बांधलं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकाकांनी, मी पाने पुसून देत होते आणि प्रश्न विचारत होते. काका सत्तरीच्या पुढचे. जावाचं क्रँक उघडून परत बसवणारे त्यांच्यासारखे आता मोजकेच उरलेत.

पण मी हे शौक म्हणून केलं नाही. आमच्या घरात एक जुना खटला होता. त्याचा निकाल सदतीस वर्षांपूर्वी लागला होता आणि आरोपी होते माझे बाबा.

आजोबा गुरांचे डॉक्टर. कागल तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर रात्री-अपरात्री जावं लागायचं, म्हणून त्यांनी ही जावा घेतली होती, सेकंडहँड. मे १९८७ मध्ये त्यांनी बाबांना पेट्रोल भरून आणायला पाठवलं. बाबा तेव्हा सतरा वर्षांचे. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, चढावर, पिस्टन धरला. मागचं चाक जागेवर थांबलं, आजोबा रस्त्यावर पडले, पाय दोन महिने प्लास्टरमध्ये. घरानं निकाल दिला : पोरानं ऑइल न घालता पेट्रोल भरलं.

बाबा म्हणायचे, घातलं होतं, हाताला चिकट लागलेलं आठवतंय. कुणी ऐकलं नाही. पुढे त्यांनीही म्हणणं सोडलं. आजोबा त्यांना कधी काही बोलले नाहीत, आणि बाबांच्या मते तेच जास्त जड होतं. बाबा आयुष्यात कधी मोटरसायकल चालवायला शिकले नाहीत. घरातून निघताना गॅसची कळ तीनदा बघतात. पेट्रोलच्या पावत्या जपून ठेवतात. मला लहानपणी वाटायचं, स्वभाव असेल.

तर इंजिन उघडायचं ते यासाठी. पण त्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. पेट्रोलमध्ये ऑइल घालायचंच का?

दार म्हणजेच पिस्टन

आज तुम्ही जी बाइक चालवता ती जवळपास नक्की फोर-स्ट्रोक असणार. तिच्या पोटात व्हॉल्व्ह असतात, कॅमशाफ्ट असतो, खाली ऑइलची वेगळी टाकी असते. जावाचं इंजिन उघडलं तर आत हलणाऱ्या मुख्य गोष्टी तीनच : पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. व्हॉल्व्ह नाहीत. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या आहेत, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि वर-खाली जाणारा पिस्टनच त्या उघडतो आणि बंद करतो.

ही कल्पना इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या जोसेफ डे या इंजिनिअरची. टू-स्ट्रोक इंजिन त्याच्याआधीही होतं. डगल्ड क्लर्कनं १८८० च्या आसपास ते बनवलं होतं, पण त्याला ताजं मिश्रण ढकलायला वेगळा पंप लागायचा. डेनं १८९१ च्या सुमाराला विचार केला की पिस्टनच्या खाली जी बंद पेटी आहे, क्रँककेस, तिलाच पंप का करू नये? पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते आणि हवा-पेट्रोल आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की ते दाबलं जाऊन बाजूच्या वाटेनं वर सिलिंडरमध्ये जातं. डेच्या कारखान्यातल्या फ्रेडरिक कॉक नावाच्या कामगारानं पुढची पायरी गाठली. आत येणाऱ्या मिश्रणाची खिडकीही पिस्टनच्या खालच्या कडेनंच उघडायची. उरलेसुरले व्हॉल्व्हही गेले.

स्वस्त, हलकं, कुठल्याही खेड्यात दुरुस्त होणारं इंजिन. पण या साधेपणासाठी दोन अटी आल्या.

पहिली अट : क्रँककेस पंप झाली म्हणजे तिथे ऑइल भरून ठेवता येत नाही. मग बेरिंगला आणि पिस्टनला वंगण कुठून? पेट्रोलमधूनच. जावाला काका १:२५ सांगतात, म्हणजे एका लिटरला ४० मिली.

दुसरी अट लोकांच्या लक्षात राहत नाही. पंप हवाबंद हवा. क्रँकच्या दोन्ही टोकांना, जिथे तो पेटीबाहेर येतो तिथे, रबरी ओठाचं एक छोटं कडं असतं. ऑइल सील. ते फाटलं किंवा कडक झालं की कार्ब्युरेटरला न विचारता बाहेरची हवा आत शिरते. हवा जास्त, पेट्रोल कमी. असं मिश्रण तापतं. पेट्रोल कमी तर त्यातून येणारं ऑइलही कमी. पिस्टन फुगतो आणि धरतो.

म्हणजे आमच्या घरच्या खटल्यात दोन संशयित होते. आम्ही एकालाच ओळखत होतो.

सुरुवात डाव्या बाजूनं

जावामध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ॲल्युमिनियमच्या कवचात असतात. एक उघडायचं तर दुसरंही उघडावं लागतं. डावं कव्हर काढलं. प्रायमरी चेन, क्लच. उजवीकडे डायनमो. मग दोन कवचं जोडणारे स्क्रू. तीन निघाले, चौथ्यानं दोन दिवस घेतले.

त्यानंतर मी हातोडी उचलली आणि काकांनी ती काढून घेतली. "पोरी, हातोडी न्हाई. ऊन दे तेला." कवच गरम केलं. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे बेरिंगची पकड सुटते. ते टक् करून आपोआप खाली पडलं.

त्या बेरिंगवर कोरलं होतं : चेकोस्लोव्हाकिया. १९९३ मध्ये त्या देशाचे दोन देश झाले. बेरिंग धुऊन बोटावर फिरवलं तर अजून गुळगुळीत फिरत होतं.

ते कागलपर्यंत कसं आलं, ही गोष्ट इथेच सांगते. काम चालू आहे, कवच थंड होतंय, वेळ आहे.

प्राग, म्हैसूर, कागल

प्रागमध्ये फ्रांतिशेक यानेचेक नावाचा शस्त्रास्त्रांचा कारखानदार होता. पहिल्या महायुद्धानंतर शस्त्रांची मागणी घटली. १९२९ मध्ये त्यानं जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटरसायकलचा धंदा विकत घेतला. यानेचेकचा 'या' आणि वाँडररचा 'वा', झालं यावा. आपण वाचतो जावा. पहिली गाडी ५०० सीसीची, महागडी, आणि ती आली नेमकी जागतिक मंदीच्या तोंडावर. मग पॅचेट नावाच्या इंग्रज इंजिनिअरच्या मदतीनं १९३२ मध्ये छोटी १७५ काढली, इंग्लंडच्या व्हिलियर्स कंपनीचं टू-स्ट्रोक इंजिन लावून. ती खपली. मंदीत स्वस्त आणि साधं तेच चालतं.

१९३९ मध्ये नाझी जर्मनीनं प्राग घेतलं. कारखान्याला जर्मन सैन्याची कामं करावी लागली. मोटरसायकलचं नवं डिझाइन करायला बंदी. पण तिथल्या इंजिनिअरांनी चोरून एक नवी २५० बनवायला घेतली. चाचणीच्या गाड्यांच्या टाकीवर म्हणे जर्मन डीकेडब्ल्यूचं नाव लावलेलं असायचं, कुणी अडवलं तर पंचाईत नको. यानेचेक १९४१ मध्ये वारला. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ती गाडी पॅरिसच्या प्रदर्शनात आली आणि गाजली. तिचं टोपणनाव पेराक. मागच्या चाकाला स्प्रिंग होती म्हणून, आणि युद्धकाळात प्रागच्या अंधाऱ्या गल्ल्यांत उड्या मारत फिरणाऱ्या एका दंतकथेतल्या माणसाचंही तेच नाव होतं.

त्याच वर्षी, १९४६ मध्ये, इंग्लंडमध्ये जोसेफ डे वारला. त्याचं नाव तोवर जवळपास सगळे विसरले होते. पॅरिसमध्ये लोक ज्या गाडीभोवती गर्दी करत होते, तिच्यातही पिस्टनच दाराचं काम करत होता.

पेराकची पुढची पिढी १९५४ मध्ये आली, ३५३ मालिका. आमची गाडी त्याच कुळातली. ती भारतात आणली मुंबईच्या रुस्तम इराणींनी. ते आधी जावा आयात करून विकायचे. पण ते दिवस आयातीवरच्या निर्बंधांचे. परदेशी गाडी विकायची तर इथेच बनवावी लागणार. मग आयडियल जावा ही कंपनी निघाली आणि म्हैसूरला यादवगिरीत कारखाना उभा राहिला. १९६१ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. उद्घाटन केलं जयचामराजेंद्र वाडियार यांनी, म्हैसूरचे पूर्वीचे महाराजा आणि तेव्हाचे राज्यपाल. सुरुवातीला सुटे भाग चेकोस्लोव्हाकियातून यायचे, हळूहळू इथले वाढले. आमच्या इंजिनात दोन्ही निघाले : चेक बेरिंग आणि बाकी बरंच देशी.

१९७३ पासून त्याच कारखान्याच्या गाड्या येझदी नावानं येऊ लागल्या. इराणी कुटुंब, म्हणून इराणमधल्या याझ्द शहरावरून हे नाव आलं असं म्हणतात. दुसरा खुलासा असा की चेक भाषेत 'येझ्दी' म्हणजे 'चालते'. मला दोन्ही आवडतात.

गिअरबॉक्स

कवच थंड झालं. गिअरबॉक्स बाहेर.

जावाची एक खासियत तुमच्या आजोबांना विचारा. किक आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की किक, परत खाली आणला की गिअर. आणि गिअर टाकताना क्लच ओढायची गरज नाही. दांड्याला जोडलेली यंत्रणा गिअर बदलायच्या क्षणी क्लच स्वतःच उचलते. गाडी उभी करून निघताना मात्र हातानं क्लच लागतोच. गुरांच्या डॉक्टरला एका हातात कंदील किंवा पिशवी घेऊन चिखलातून जायचं असेल तेव्हा ही सोय किती कामाची असेल, ते मला दांडा हातात घेतल्यावर कळलं.

चार गिअर. दुसऱ्या गिअरच्या डॉगच्या, म्हणजे एका गिअरला दुसऱ्यात अडकवणाऱ्या जाड दातांच्या, कडा गोल झाल्या होत्या. काकांनी बोट फिरवलं आणि विचारलं, "तुझा आज्जा दुसऱ्यात लई चालवायचा काय?" मी बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "पावसाळ्यात गाडी दुसऱ्यातच असायची. आणि चढावर ते एका हातानं दांडा धरून ठेवायचे, गिअर सुटायचा म्हणून." मी आजोबांना पाहिलेलं नाही. त्यांची चालवायची सवय मला त्या गोल झालेल्या कडांवर दिसली.

तो गिअर दुसऱ्या एका मोडीतल्या इंजिनातून घेतला. फोर्क सरळ होते. शाफ्टचा आडवा खेळ मोजून वायसर बदलले. एक दशांश मिलिमीटरचा फरक पडला तर गिअर जड जातो किंवा सुटतो. काका फीलर गेज लावतात, पण आधी शाफ्ट हातानं हलवून कानानं ऐकतात. मी विचारलं, काय ऐकता? म्हणाले, "टक् आला तर ज्यादा. गप्प बसला तर कमी. मधला आवाज पायजे." मी तो आवाज रेकॉर्ड केलाय, भागाच्या शेवटी लावते. कुठल्याही मॅन्युअलमध्ये तो मिळणार नाही.

साक्ष

आता सिलिंडर. धरलेला पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून होता. डिझेल आणि ऑइल ओतून आठ दिवस ठेवलं, रोज लाकडी ठोकळ्यावरून हलकेच ठोकलं. नवव्या दिवशी सरकला.

काकांनी पिस्टन पुसला, उजेडात धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्या हातात दिला.

जावाच्या एका सिलिंडरला धूर बाहेर जायच्या दोन वाटा असतात, म्हणून दोन सायलेन्सर. पिस्टनवरचे ओरखडे नेमके त्या दोन वाटांसमोर होते. पुढच्या बाजूला, वरच्या कडेला. तिथे धातू वितळून रिंगवर फासला गेला होता. मागची बाजू, कार्ब्युरेटरकडची, बरीचशी साफ.

"तेलाबिगर धरला असता तर चारी बाजूनं खरवडला असता," काका म्हणाले. "आणि खालचं बेरिंग निळं पडलं असतं."

आम्ही क्रँक प्रेसवर घेतला. जावाचा क्रँक दाबून बसवलेला असतो. दोन जड चकत्या आणि मधली पिन. पिन काढल्याशिवाय कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं बेरिंग दिसत नाही. पिन निघाली. रोलर झिजलेले होते, पण निळे पडलेले नव्हते. त्यांच्यावर तपकिरी, चिकट थर होता. जुन्या ऑइलचा.

मग डायनमोच्या बाजूचं सील. वीस वर्षं तापून ते बांगडीसारखं कडक झालं होतं. ओठाला आरपार चीर.

इथे मी थांबले, कारण मला हवं तेच मला दिसत होतं. इतिहास वाचताना ही सगळ्यात धोक्याची जागा असते. मी काकांना उलटं विचारलं : खालचं ऑइल आधीच्या टाकीतलं असू शकेल ना? काका म्हणाले, असू शकंल. सदतीस वर्षांत सील आणखी कडक झालं असेल ना? झालं असंल की. "पर चीर तवाची हाय. तिच्यात काळं बसलंय, चालत्या इंजिनाचं. आणि पिस्टन खोटं बोलत न्हाई. पुढनंच धरलाय."

म्हणजे शंभर टक्के नाही. पण घरानं दिलेला निकाल तर कसल्याच पुराव्याशिवाय दिला होता. इंजिन कुणी उघडलंच नव्हतं.

संध्याकाळी सील घरी नेलं आणि बाबांसमोर टेबलावर ठेवलं. जे पाहिलं ते सगळं सांगितलं, शंकांसकट. बाबांनी चष्मा लावला. चीर बघितली. मग विचारलं, "नवं कितीला मिळतं?"

मी म्हणाले, "शंभराच्या आत."

"बरं," एवढंच म्हणाले. सील शर्टाच्या खिशात ठेवलं आणि गॅसची कळ बघायला गेले. सवय ती सवय.

बांधणी, आणि धुराचा हिशेब

पुढचं भराभर सांगते. सिलिंडरचा मूळ बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. खरवडलेला भाग जाईपर्यंत बोअर ६५.५० केला आणि त्या मापाचा नवा पिस्टन घातला. टू-स्ट्रोकच्या पिस्टनवर रिंगच्या खाचेत बारीक खिळी असते, रिंगची टोकं फिरून खिडकीत अडकू नयेत म्हणून. ती विसरलात तर पहिल्याच फेरीत रिंग तुटते. क्रँक नवी पिन घालून जुळवला, दोन टोकांवर फिरवून डायल गेज लावला आणि तांब्याच्या हातोडीनं ठोकत सरळ केला. काकांना त्या एका कामाला अख्खी दुपार लागली. दोन्ही सीलं नवी. चेक बेरिंग मात्र काकांनी बदलू दिलं नाही.

आता एक कबुली. या इंजिनावर प्रेम करणं सोपं आहे, कारण आता ती थोडीच उरलीत. डेच्या कल्पनेत एक खोट पहिल्यापासून होती. ताजं मिश्रण आत येतं तेव्हा धुराची वाटही उघडीच असते, त्यामुळे थोडं न जळलेलं पेट्रोल थेट बाहेर जातं. १९२० च्या दशकात जर्मनीच्या श्न्युर्लेनं खिडक्यांचे कोन असे बदलले की मिश्रण सिलिंडरमध्ये वळसा घेऊन फिरेल. पेट्रोल बरंच वाचलं. डीकेडब्ल्यूनं ते वापरलं, जावानंही घेतलं. पण गळती पूर्ण थांबली नाही. शिवाय जळणारं ऑइल. एका गावात चार जावा असतील तोवर ठीक. लाखो स्कूटर, मोपेड आणि रिक्षा असलेल्या शहरात तो निळा धूर माणसांच्या छातीत जातो.

१९८५ मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली आणि लोकांनी पेट्रोलचा हिशेब केला. सरकारनं १९९१ मध्ये धुराचे नियम आणले, १९९६ आणि २००० मध्ये ते आणखी कडक केले. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्यामागे कर्ज होतं, कामगारांचे प्रश्न होते, नवी स्पर्धा होती. धूर हे त्यातलं एक कारण. २०१८ मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आलं, पण आत फोर-स्ट्रोक इंजिन घेऊन. ते बरोबरच झालं.

मग आमची जावा कशाला बांधली? रोज चालवायला नाही. ती उघडेपर्यंत आमच्या घरात एक चुकीची गोष्ट सदतीस वर्षं खरी म्हणून चालत होती, म्हणून.

सुरू करायच्या दिवशी मी पाच लिटरचा कॅन, ऑइलची बाटली आणि माप बाबांसमोर ठेवलं. काही बोलले नाही. बाबांनी पाच लिटरला २०० मिली मोजलं. डोळ्यासमोर माप धरून, रेघेवर. ओतलं. कॅन हलवला. मग बोटं एकमेकांवर घासून बघितली.

"असंच लागलं होतं," म्हणाले.

[ध्वनी : किक. एकदा. दोनदा. तिसऱ्या किकला इंजिन सुरू होतं. दोन सायलेन्सरचा आवाज. मागे कुणीतरी खोकतं.]

खोकणारी मी आहे. धूर खरंच फार होता.

तुमच्या घराच्या पडवीत, परसात, गोठ्यात एखादी जावा, येझदी, राजदूत किंवा लँब्रेटा पडून असेल तर विकण्याआधी एकदा विचारा, ती का थांबली. उत्तर मिळालं तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. आणि जवळपास कुणी जुने मिस्त्री असतील तर त्यांचे हात चालताहेत तोवर त्यांच्या शेजारी बसा. तो मधला आवाज अजून माझ्या कानाला ओळखता येत नाही.

पुढच्या भागात भेटू. आता ऐका, नीट बसलेल्या शाफ्टचा आवाज.

[ध्वनी : शाफ्ट हलवल्याचा आवाज. शांतता. पुन्हा एकदा.]